मोझेससाठी राखलेली किडनी

५ जानेवारी २०२५, रविवार. दुपार.
आज मोठी गोष्ट केली. उपासना संपल्यावर पास्टरांनी विचारलं, कोणाची प्रार्थनेची विनंती आहे का? मोझेसच्या तब्येतीसाठी प्रार्थना करा, एवढंच सांगायचं ठरवलं होतं. पण उभा राहिलो आणि तोंडातून निघून गेलं, "माझ्या धाकट्या भावाला मी माझी किडनी देणार आहे."
 मग मागून कोणीतरी "आमेन" म्हणालं. दोन-तीन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मोझेस खाली मान घालून बसला होता. दीड वर्ष झालं, आठवड्यातून दोनदा नगरला जाऊन डायलिसिसच्या मशिनवर पडतो. शाळेत मुलांना गणित शिकवणारा माणूस, आता दुसरा जिना चढला की बसतो.
मार्थाला आधी सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर बायको म्हणून तिने दोन शब्द कौतुकाचे बोलायला हरकत नव्हती. ती म्हणाली, "द्यायच्या आधी ती चांगली आहे का ते तरी बघा."
वय सत्तावन्न. आजवर एक दिवस ॲडमिट नाही. आईबापांनी नाव सॅमसन ठेवलं ते उगाच नाही.
रुपालीने, म्हणजे मोझेसच्या बायकोने, स्वतःच्या तपासण्या सुरू केल्या होत्या. तिला सांगितलं, थांबव ते. घरात मोठा दीर असताना तू कशाला? तुमची प्रार्थना बारावीला आहे, पोरीला आई धडधाकट पाहिजे. रुपाली "बरं भाऊजी" म्हणाली.
संध्याकाळी काकासाहेबाकडे जेवण. मी स्टोअरकीपर, तो आमच्या स्टोअरचा ड्रायव्हर, पण माणूस दिलदार. कलेजी वेगळी काढून ठेवणार म्हणाला. देणाऱ्याच्या अंगात रक्त पाहिजे.

६ जानेवारी. पहाटे साडेचार.
उजव्या पायाचा अंगठा. कोणीतरी पान्यात धरून पिळतंय असं वाटतं. चादर लागली तरी ओरडलो. लाल, चकचकीत, गरम.
कारण सापडलं : काल चर्चला घातलेले नवे बूट.

९ जानेवारी
तीन दिवस रजा. मार्थाने रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई आमच्या पूजाच्या वयाच्या असतील. (पूजा नाशिकला, सासरी. तिला कळवलेलं नाही. कळवण्यासारखं काही नाही.) अंगठ्याकडे बघितलं न बघितलं आणि म्हणाल्या, गाऊट. रक्तात युरिक ॲसिड वाढतं, त्याचे सुईसारखे खडे सांध्यात बसतात. रक्त तपासलं. युरिक ॲसिड ९.८. सहाच्या खाली पाहिजे म्हणे.
आत्ताच्या दुखण्यावर कोल्चिसिनच्या गोळ्या, थोडे दिवस. दुखणं बसलं की ॲलोप्युरिनॉल सुरू, रोज. छोट्या डोसपासून, महिन्या-महिन्याने रक्त बघून वाढवायचा. रोज म्हणजे किती दिवस, असं विचारलं. म्हणाल्या, "वर्षानुवर्षं. दुखत नसलं तरी." म्हणजे गिऱ्हाईक बांधून घ्यायचं.
खाणं : कलेजी, वजडी, भेजा बंद. मटण अगदी कमी. बिअर बंद, रम बंद, कोल्ड्रिंक बंद. पाणी भरपूर. दूध-दही चालेल. वजन उतरवा, पण उपास करून नाही.
आणखी एक रिपोर्ट होता, किडनीचा. क्रिएटिनिन १.६, सव्वाच्या आसपास पाहिजे म्हणे. त्यावर बाईंनी पेनाने दोनदा गोल केला. विचारलं, पेनकिलर घेता का? म्हणालो, कधीतरी. (गुडघ्यासाठी. सकाळी एक, संध्याकाळी एक. चार वर्षं झाली असतील. त्याला औषध म्हणायचं तर चहालाही म्हणावं लागेल.) म्हणाल्या, एकही घ्यायची नाही, किडनीवर ताण दिसतोय, तीन महिन्यांनी परत तपासू.
ताण कोणाला नसतो?
संध्याकाळी मोझेस आला. रिपोर्टचं विचारलं. "फर्स्ट क्लास," म्हणालो. मार्था आत निघून गेली.

१३ जानेवारी
अंगठा एकदम नॉर्मल. चालत ड्युटीवर. संकल्प :
१) रोज तीन लिटर पाणी.
२) मटण फक्त रविवारी.
३) बिअर बंद.
स्टोअरमध्ये आलेल्या मालाला जशी तारीख घालून ठेवतो तशी ही किडनी आता मोझेसच्या नावावर राखीव. जपलंच पाहिजे.

२ फेब्रुवारी
ब्लड ग्रुप जुळला. दोघेही ओ पॉझिटिव्ह. घरी पेढे. मोझेस पहिल्यांदा हसला. म्हणाला, "दादा, लहानपणी तू मला सायकल पण देत नव्हतास." सगळे हसले.
बिअरबद्दल एक मुद्दा लक्षात आला. मोझेसला किडनीचा त्रास सुरू झाला तेव्हा शेजारच्या बाई त्याला बार्लीचं पाणी द्यायच्या. बिअर बार्लीचीच. डॉक्टरांना एवढा खोल विचार करायला वेळ नसतो. तिसरा संकल्प दुरुस्त केला : आठवड्यातून दोन.

११ फेब्रुवारी
ॲलोप्युरिनॉल सुरू करून बारावा दिवस आणि आज डावा घोटा सुजला! म्हणजे गोळीनेच दुखणं आणलं. मार्था म्हणाली, बाईंनी सांगितलं होतं ना, सुरुवातीचे महिने असं होऊ शकतं, खडे हलतात, म्हणूनच जोडीला कोल्चिसिन छोट्या डोसमध्ये दिलंय, थांबवायचं नाही. ते सांगितलं तेव्हा मी रिक्षा बघत होतो.
विष आहे ते. दोन्ही पाकिटं खिडकीतून टाकली. मार्थाने खाली जाऊन उचलून आणली आणि कपाटात ठेवली. ठेवू दे.
मागच्या गल्लीतल्या मेडिकलवरून नेहमीच्या पेनकिलरची स्ट्रिप आणली. दोन तासांत आराम. हे खरं औषध.

५ मार्च
आजपासून लेंट, ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस. चाळीस दिवस मटण नाही, असं चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. एका दगडात दोन पक्षी. तूरडाळ, पालक, टोमॅटो पण बंद केले. मोबाईलवर एकाने सांगितलंय, सगळा गाऊट टोमॅटोतून येतो. मार्था म्हणते बाईंच्या कागदावर टोमॅटोचं नावच नाही.
मासे मटणात येत नाहीत. भिंगारच्या बाजारात सुकट चांगली मिळाली.

१७ मार्च
पुण्याच्या हॉस्पिटलमधून फोन. दात्याच्या सगळ्या तपासण्यांसाठी दोन दिवस येऊन राहायचं. तारीख २८. मी म्हणालो, मार्चअखेर, आमचं स्टॉक व्हेरिफिकेशन, जमणार नाही. एप्रिल बघू.
खरं कारण वेगळं आहे, आणि इथे लिहायला हरकत नाही : उजवा अंगठा, डावा घोटा आणि आता उजवं मनगट. लंगडत गेलो तर लोक काय म्हणतील? देणारा ताठ चालत आला पाहिजे.
पेनकिलर दिवसाला तीन. तात्पुरतं.

२० एप्रिल. ईस्टर.
लेंट संपलं. मटण. कलेजी. सहा आठवड्यांचा अनुशेष भरून काढला. मोझेस पण आला होता, त्याला मार्थाने वेगळं केलं होतं, मोजून भात, मोजून पाणी. दिवसभरात त्याला एक लिटरच्या आत पाणी. मला सगळे पी पी म्हणतात आणि मला आठवत नाही.
मोझेस हळूच म्हणाला, "दादा, पुण्याला कधी?" मी म्हणालो, अंगठा तेवढा बसू दे. तो म्हणाला, "नको असेल तर तसं सांग. मला राग नाही येणार." मला राग आला. सगळ्या चर्चसमोर दिलेला शब्द आहे. मे महिन्यात नक्की.

२१ एप्रिल
मनगट. कप उचलत नाही. मार्थाने चहा पाजला. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

८ मे
मोझेस हॉस्पिटलमध्ये. हाताला जिथे मशिनची सुई लावतात तिथे इन्फेक्शन, अंगात थंडी-ताप, काल दुपारपासून आयसीयू. मी सहा शहाळी घेऊन गेलो. रुपालीने दारातच पिशवी घेतली. म्हणाली, "भाऊजी, ह्यांना शहाळं नाही चालत. त्यातल्या पोटॅशियमने हृदय बंद पडतं." एवढा साधा नारळ. मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत कोणी सांगितलं नाही.
काचेतून बघितलं. केवढासा झालाय. रुपाली म्हणाली, डॉक्टर म्हणतात, ट्रान्सप्लांट जितकं लवकर तितकं बरं. माझ्याकडे न बघता म्हणाली.
शहाळी मीच प्यालो, बाकावर बसून. वाया कशाला घालवायची?

१५ मे
मोझेस वॉर्डमध्ये आला. प्रभूची कृपा. पुण्याची तारीख पक्की : २३ जून. तोवर पाय बरा करायचाच.
काकासाहेब तिसगावचा. म्हणाला, "सायेब, ह्या इंग्लिश गोळ्या सोडा. आमच्याकडं आबासाहेब हाय. बाजारात बसतो. लई मान्सं उभी केली त्यानं." परवा नेणार आहे.

१७ मे
तिसगावच्या बाजारात जाऊन आलो. आबासाहेब मिरच्यांच्या ढिगापलीकडे पोतं अंथरून बसतो. पांढरी दाढी, मोठं कुंकू. पाय हातात पण घेतला नाही. म्हणाला, "वात हाय. तीन दिसात पळाया लागताल." काळपट पुड्या, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून. मी विचारलं, यात काय असतं? तो म्हणाला, "इचारू नका. इचारलं की गुन जातो."
शंभर टक्के जडीबुटी. किडनीला धक्का नाही.

२० मे
पळालो! खरोखर पळालो. बस सुटत होती. अंगठा, घोटा, मनगट, सगळं गायब. भूक दुप्पट. आबासाहेबापुढे एमबीबीएस फिकं. डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगावंसं वाटलं. मार्थाने पुडी हुंगून बघितली, जिभेवर लावली आणि म्हणाली, "ही जडीबुटी नाही. गोळ्या कुटल्यात." चाळीस रुपयांच्या मसाल्यात भेसळ शोधणारी बाई, तिला सगळीकडे तेच दिसतं.

२ जून
तब्येत सुधारली. चेहरा भरला. ऑफिसात सगळे म्हणतात, साहेब गोल झाले. पाय पण भरलेत, सॉक्सचा वण संध्याकाळपर्यंत जात नाही. रक्त वाढल्याचं लक्षण.
लघवीला फेस येतो. ताकद जास्त झाली की येतो.

१४ जून
उजव्या कानाच्या पाळीवर एक गाठ आलीय, तांदळाएवढी, पांढरी. डास असेल.
जेवण जात नाही. तोंडाला धातूसारखी चव. उन्हाळा फार.
पुड्या संपत आल्या, काकासाहेबाला आणखी आणायला सांगितलं. पुण्याला ताठ जायचं.

२३ जून. पुणे.
मी, मार्था, मोझेस, रुपाली. भाड्याच्या गाडीने आलो. मी पुढे बसलो. हॉस्पिटलच्या पायऱ्या चढून दाखवल्या. वर पोहोचल्यावर पाच मिनिटं बोलता येईना, पण चढलो.
बीपी तीन वेळा घेतलं. सिस्टर दुसऱ्या सिस्टरला बोलावून घेऊन आली. मशिन नवीन असेल.
रक्त, लघवी, सोनोग्राफी. उद्या मोठे डॉक्टर भेटतील.

२४ जून. पुणे. दुपार.
क्रिएटिनिन ३.४.
चौघेही आत होतो. डॉक्टर वयस्कर, शांत. म्हणाले, "भिंगारदिवे, तुमची किडनी यांना देता येणार नाही. तुमचीच सांभाळावी लागेल." मी म्हणालो, मशिनचा फरक असेल, नगरला नॉर्मल होतं. म्हणाले, जुना रिपोर्ट आहे? मी नाही म्हणालो.
मार्थाने पर्समधून कागद काढला. जानेवारीचा. चार घड्या घातलेला. टेबलावर ठेवला.
डॉक्टरांच्या आधी मोझेसने उचलला. हे आकडे तो माझ्यापेक्षा लवकर वाचतो. १.६ वर पेनाचे दोन गोल. तारीख वाचली. मग कागद डॉक्टरांकडे सरकवला.
डॉक्टरांनी पुडी मागितली. खिशातच होती. म्हणाले, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण असल्या पुड्यांत पेनकिलर आणि स्टेरॉइड खूपदा सापडतं. त्यावर पाय बरा वाटतो, आत किडनी जाते. मार्थाने पेनकिलरचं सांगितल्यावर म्हणाले, चार वर्षांच्या गोळ्या, त्यावर ही पुडी, त्यावर वाढलेलं युरिक ॲसिड आणि बीपी. स्टेरॉइड असेल तर एकदम तोडायचं नाही, आम्ही उतरवत आणू. मी विचारलं, थोड्या दिवसांनी परत तपासली तर चालेल का देण्यासारखी? त्यांनी उत्तर द्यायच्या आधी रुपालीने विचारलं, "माझ्या तपासण्या आज सुरू होतील?"

२४ जून. वाटेत.
परतताना रांजणगावपाशी चहाला थांबलो. बायका आत गेल्या. मोझेस गाडीतच बसून होता, त्याला चहा पण मोजून. मी खिडकीपाशी उभा राहिलो.
तो म्हणाला, "जानेवारीतच कळलं होतं तुला."
मी म्हणालो, तेव्हा इतकं नव्हतं. कमी होईल असं वाटलं.
तो म्हणाला, "दादा, तू नाही म्हणाला असतास तरी चाललं असतं. रुपाली तयार होती. आत्तापर्यंत होऊन पण गेलं असतं." मग म्हणाला, "मे महिन्यात त्या आयसीयूत मला वाटलं, आपण जातो. तेव्हा पण मी प्रार्थनाला सांगत होतो, मोठे पप्पा देणार आहेत."
आवाज चढला नाही त्याचा. वर्गात चुकलेलं गणित समजावून सांगतो तसा बोलत होता.
मी म्हणालो, चहा सांगू का थोडा? मान हलवली, नको.

२९ जून, रविवार.
चर्चला गेलो नाही. पायाला सूज. निदान तसं कळवलं.

१६ जुलै
पुण्यात आठ दिवस ॲडमिट होतो. पहिल्यांदाच. पुडी बंद, पेनकिलर बंद. पुडी सुटल्यावर सगळे सांधे एकदम उठले. डॉक्टरांनी गोळ्या ठरवून, मोजून दिल्या. क्रिएटिनिन २.७ वर आलं. मी म्हणालो, बघा, उतरतंय. डॉक्टर म्हणाले, याच्या खाली फारसं येईल असं वाटत नाही.
कानावरची गाठ डासाची नाही. युरिक ॲसिडच आहे ते, बाहेर आलेलं.

३ ऑगस्ट
ॲलोप्युरिनॉल परत सुरू, अगदी छोटा डोस. कपाटातली जुनी पाकिटं मार्थाने आणून दाखवली. मी म्हणालो, ही चालतील. ती म्हणाली, नाही, डोस वेगळा आहे, नवीन आणलीत. मग दाखवली कशाला?
संकल्प : काही नाही. मार्था देईल ते खायचं.
काकासाहेब डबा घेऊन दारात आला होता. मार्थाने त्याला चहा दिला आणि डबा परत दिला. तो म्हणाला, "वहिनी, मला काय म्हाईत हुतं? मी तर चांगल्यासाठीच नेल्तं." मार्था म्हणाली, तुमचा दोष नाही. माझ्याकडे बघितलं नाही तिने.

१८ सप्टेंबर
आज ऑपरेशन. रुपालीची किडनी मोझेसला. सकाळी आठला दोघांना आत नेलं. मार्था आणि प्रार्थना तिकडे आहेत. मी पण निघालो होतो, बॅग भरली होती. मोझेसचा निरोप आला, दादाला त्रास होईल, घरीच थांबायला सांगा. त्रास मला होईल असा अर्थ असणार.
दुपारी चार. मार्थाचा फोन. दोघे ठीक. नवी किडनी लगेच चालू झाली, ऑपरेशनच्या टेबलावरच लघवी झाली मोझेसला. दोन वर्षांपूर्वी बंद झालेली. तिकडे सगळे रडत होते. मागे प्रार्थनाचा आवाज येत होता. मी म्हणालो, माझं नाव सांग, अभिनंदन सांग. मार्था म्हणाली, सांगते.
एखाद्या रविवारी पास्टरांनी चर्चमध्ये रुपालीला उभं करायचं ठरवलंय, बरी झाली की. योग्यच आहे.

७ ऑक्टोबर
डॉक्टरीणबाईंकडे. युरिक ॲसिड ७.१. डोस वाढवला. बाईंनी शाबासकी दिल्यासारखं केलं. क्रिएटिनिन २.८. त्याबद्दल नुसतं "हं" म्हणाल्या. मी म्हणालो, २.७ आणि २.८ म्हणजे एकच की. त्या म्हणाल्या, दर महिन्याला बघत राहू, पुढच्या काही वर्षांत तुम्हालाच किडनीची गरज लागली तर घाई नको म्हणून आत्ताच माहिती लिहून ठेवते. घरात जवळचं कोण? भाऊ, बहीण?
म्हणालो, एक भाऊ आहे. धाकटा.
त्या लिहायला लागल्या. मार्था म्हणाली, "त्याचं नाव नका लिहू." पेन थांबलं. मार्थाने स्वतःचं नाव सांगितलं. वय चौपन्न. बीपी नाही, शुगर नाही. बाईंनी मला विचारलं, यांचा ब्लड ग्रुप?
लग्नाला एकतीस वर्षं झाली. मला माहीत नव्हता.
मार्थाने सांगितला. ओ पॉझिटिव्ह.